चौथी बाटली

आमच्या गाडीच्या गिअरबॉक्सने मम्मीची मनुक्यांची वाईन प्यायली. बाटलीभर, एका दमात. यावर घरात चर्चा झाली आणि असं काहीही घडलेलं नाही, असं एकमताने ठरलं. मीही हात वर केला. तेव्हा ते घडलंच नाही असं धरून सुरुवातीपासून सांगतो.

उद्या सकाळी माझ्या बहिणीचं, यव्होनचं लग्न आहे. तिची अट एकच: चर्चला न्यायचं तर डॅडीनेच, स्वतः गाडी चालवून. दुसरं कुणी चालवणार असेल तर ती गाऊन गुडघ्यापर्यंत उचलून चालत जाईल. मरोळच्या गावठाणात अशा धमक्या लोक खऱ्या करतात. शेजारची फिलू आंटी तिच्या लग्नात खरंच चालत गेली होती, नवऱ्याशी गाडीच्या रंगावरून वाजलं म्हणून.

डॅडीला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला. डावा पाय परत आला, पण जुन्या भाडेकरूसारखा. राहतो, ऐकत नाही. क्लच दाबणं बंद झालं, म्हणून आम्ही जुनी गाडी विकली आणि सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. डॉक्टरने हो म्हटलं. डॅडीने एका उजव्या पायावर सगळं परत शिकून घेतलं. गाडी मात्र शिकायला तयार नव्हती. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना ती असा धक्का द्यायची की मागून कुणी लाथ घातली असं वाटावं.

काल संध्याकाळी चर्चपर्यंत सराव करायला आम्ही दोघं निघालो. वळणावर धक्का बसला. डॅडीचे हात स्टिअरिंगवरून सुटले. गाडी एका आजोबांच्या काठीपाशी थांबली, म्हणजे काठी आणि बंपर यांच्यात एखादं वर्तमानपत्र मावलं असतं. घरी येऊन त्याने चावी खिळ्याला लावली आणि मला हळूच म्हणाला, "लॉईड, परवासाठी कॅब सांगून ठेव. यव्होनला मी सांगतो."

आज दुपारपर्यंत त्याने तिला सांगितलं नव्हतं. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा पंखा चालतोय का, असं विचारून परत आला.

मी कॅब सांगितली नाही. मी हर्षदला फोन केला. हर्षद माझा कॉलेजातला मित्र, त्यांचं कुर्ल्याला स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याने आयुष्यात एकही गाडी उघडलेली नाही, पण पार्ट विकतो, म्हणजे जवळजवळ डॉक्टरच. तो म्हणाला, गिअरबॉक्सचं तेल जळालंय, गॅरेजवाले गाडी ठेवून घेतील, तू घरीच बदल. खालचा बोल्ट उघड, जुनं काढ, वरून नवं घाल. फक्त एक लक्षात ठेव, जेवढं निघेल तेवढंच घालायचं. कमी झालं तरी वाट लागली, जास्त झालं तरी वाट लागली. तेलाचा कॅन त्याने माणसाबरोबर पाठवला.

आमच्या घरात मापं म्हणजे वाईनच्या रिकाम्या बाटल्या. मम्मी त्यांनी तांदूळ मोजते, फिनेल मोजते, एकदा पाहुण्यांचं बाळ किती वाढलं तेही मोजलं होतं. मी रस्त्याच्या कामाच्या पेव्हर ब्लॉकवर गाडी चढवली, खाली पोतं टाकून शिरलो आणि बोल्ट फिरवला. घमेल्यात काळं तेल पडलं, करपलेल्या खोबऱ्याच्या वासाचं. ते बाटल्यांत भरून पाहिलं. बरोबर चार बाटल्या. मग दुसऱ्या चार बाटल्यांत नवं तेल भरलं, धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येकीला बूच लावलं आणि दाराच्या पायरीवर ओळीने ठेवल्या. नवं तेल लालभडक असतं. हे हर्षदने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मला काही सुचलं नसतं.

मग मी परत खाली शिरलो, कारण बोल्ट घट्ट बसेना. आणि घाई होती. संध्याकाळी उंबराचं पाणी होतं. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी बाया लाल लुगडी नेसून वाजतगाजत गावठाणातल्या विहिरीवर जातात, विहिरीत थोडी वाईन सोडतात, नवरीच्या बापाला पहिला घोट देतात आणि मग पाणी भरून आणतात. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. मिरवणूक परतली की गल्लीत खुर्च्या लागणार होत्या, आणि मग माझी गाडी मांडवातच राहिली असती, पोट उघडं टाकून.

गाडीखालून जगाचे फक्त पाय दिसतात. डॅडीच्या चपला दिसल्या, डावी किंचित घासत येणारी. त्या थांबल्या. त्याने खाली वाकून विचारलं, काय करतोस. मी म्हणालो, धुतोय. तो म्हणाला, खालून? मी म्हणालो, लग्न आहे ना. चपला गेल्या. मग लाल लुगड्याचा काठ आला, पायरीवर काहीतरी टेकवून गेला. मग दुसरा काठ आला, पायरीवरून काहीतरी उचलून गेला. मग बँड सुरू झाला आणि सगळे पाय विहिरीकडे निघाले.

बाहेर आलो तर गल्ली रिकामी. पायरीवर बाटल्या मोजल्या. चार ठेवल्या होत्या, चार होत्या. शंका घ्यायला जागाच नव्हती.

बॉनेट उघडून तेल बघायची डिपस्टिक काढली, तिच्या नळीत नरसाळं बसवलं आणि पहिली बाटली ओतली. तेल सावकाश उतरतं, डुबुक डुबुक करत, मध्येच थांबतं, परत निघतं. बाटली दोन्ही हातांनी धरली होती, कारण एक थेंबही सांडून चालणार नव्हतं. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथी फारच पटकन गेली. इतकी पटकन की थोडी बाहेर उसळून खालच्या पाइपवर सांडली. मला वाटलं, सवय झाली.

मग वास आला. गेल्या ख्रिसमसचा.

मी नरसाळ्यात बोट फिरवून चाखलं. छान होती. आणि त्या क्षणी मला पायरीवर आलेले दोन्ही काठ आठवले. पहिला मम्मीचा, तिने विहिरीवर न्यायची वाईन माझ्या बाटल्यांशेजारी आणून ठेवली होती. दुसरा फिलू आंटीचा. तिने पाचातली एक उचलली होती. वाईन माझ्या गाडीत होती. मग आंटीच्या हातात काय होतं, हे समजायला इंजिनिअरिंग लागत नाही. मी ते केलंय, त्यामुळे जरा वेळ लागला.

मी धावलो. विहिरीपर्यंतची गल्ली एका माणसाच्या रुंदीची आहे आणि तो माणूस बहुतेक ट्रम्पेट वाजवत होता. त्याच्या काखेखालून गेलो. पुढे लुगड्यांची लाल भिंत होती. तिच्या फटीतून दिसलं, विहिरीच्या जाळीचं झाकण उघडलंय, आणि फिलू आंटी आधी विहिरीत घालायचं विसरून थेट ग्लास भरतेय. तिने ग्लास डॅडीला दिला. डॅडीने झटक्यापासून दारूला हात लावलेला नाही, पण आज मुलीचा मान म्हणून त्याने तो उजव्या हाताने धरला, डाव्या हाताने खालून आधार दिला आणि ओठांकडे नेला.

"डॅडी, पिऊ नको," मी म्हणालो. "ते गिअरचं तेल आहे."

बँड थांबला. ढोलवाला थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला, मग त्याला कुणीतरी हात लावला. माझ्या कोपरापासून काळं तेल गळत होतं, त्यामुळे कुणी पुरावा मागितला नाही. डॅडीने ग्लासचा वास घेतला. उजेडाकडे धरून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मग माझ्या गाडीत काय आहे?"

"वाईन."

सगळ्या बायांत फक्त मम्मीला प्रश्न पडला. "नवी का जुनी?"

"जुनी असावी."

"ती फादरसाठी ठेवली होती," मम्मी म्हणाली, आणि एवढा वेळ न रडलेली मम्मी तिथे रडली.

फिलू आंटीने विचारलं की मग उद्या गाडी कोण चालवणार. सगळे डॅडीकडे बघू लागले. डॅडीने ग्लास विहिरीच्या कठड्यावर ठेवला, काळजीपूर्वक, जसा भरलेला ग्लास ठेवतात तसा. म्हणाला, आधी पाणी भरा. तेवढं नीट होऊ दे.

पाणी घेऊन परतलो तर यव्होन दारात उभी, डोक्यात रोलर्स, हातात फोन. तिला कुणीतरी आधीच कळवलं होतं. कॅबचंही कळलं होतं, कारण रस्त्यात मी ते पण बोलून गेलो होतो. डॅडी पायरीवर बसला. म्हणाला, "तेल भर, लॉईड. मी चालवून बघतो. धक्का बसला तर कॅब. नाही बसला तर मी."

हर्षदला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, इंजिन सुरू केलंस का. नाही म्हटल्यावर म्हणाला, मग वाचलास. दुकान बंद करून तो स्वतः दोन कॅन घेऊन आला, कारण वाईन प्यालेला गिअरबॉक्स त्याला बघायचा होता. बोल्ट उघडला तर आधी वाईनच बाहेर आली. ती तेलाखाली जाऊन बसली होती. मागून लाल तेल. मम्मी बघत होती. एक कॅन नुसता खळखळून धुण्यासाठी ओतला आणि काढून टाकला. दुसरा भरला. या वेळी प्रत्येक बाटली ओतण्याआधी फिलू आंटीने वास घेतला आणि मान हलवली. तिला ते प्रायश्चित्त वाटत होतं.

गाडी पेव्हर ब्लॉकवरून उतरली. मांडवातल्या माणसांनी खुर्च्या डोक्यावर धरून वाट केली. डॅडी बसला, मी शेजारी. मागचं दार उघडलं आणि न बोलावता यव्होन रोलर्ससकट आत बसली. डॅडीने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "उतर," म्हणाला. ती म्हणाली, "पंखा चालतोय, डॅडी. आता चल."

गल्ली संपली. तेच वळण आलं. मी स्टिअरिंगकडे बघत नव्हतो, त्याच्या बोटांकडे बघत होतो. नखं पांढरी पडली होती. इंजिनाचा आवाज चढला. काल ज्या आवाजावर लाथ बसली होती तो आवाज आला. मी दरवाजा धरला. यव्होनने माझी सीट धरली. आवाज उतरला. परत चढला, परत उतरला. डॅडी अजून वाट बघत होता, खांदे वर ओढून.

"पडला का दुसरा?" त्याने विचारलं.

"डॅडी, तू तिसऱ्यात आहेस," यव्होन म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. तो चर्चवरून पुढे गेला, वळला, परत चर्चवरून आला, परत वळला. आम्हाला जेवायला उशीर झाला, पण थांबव असं कुणी म्हणालं नाही.

एकच अडचण राहिली आहे. वाईन जिथे सांडली तो पाइप तापला की गाडीभर ख्रिसमसचा वास सुटतो. काचा खाली केल्या तरी जात नाही. डॅडी एक थेंबही न पिता बारमधून उठून आल्यासारखा वाटतो, आणि उद्या रविवार आहे, नाक्यावर तपासणी असते.

सबब, संबंधित वाहतूक शाखेस नम्र विनंती करण्यात येते की, उद्या सकाळी मरोळ गावठाण ते चर्च या मार्गावर सदर वाहन नाकाबंदीत आढळल्यास मद्यप्राशनाची तपासणी चालकाची करावी, वाहनाची करू नये. आणि तरीही वाहनाची तपासणी झाली व ते दोषी आढळले, तर त्यास लग्न लागेपर्यंत, चालक व नवरीसह, जागेवरच जामीन मंजूर करण्यात यावा.