बुडत्याची हाक

मित्रांनो, शंख म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर देवघर येईल, नाकाशी चंदनाचा वास येईल. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मी कोळ्यांच्या ओठांचा, खारट आणि जरा तोंडाळ असा शंख. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर जन्मलो आणि म्हातारपणही इथंच काढतो आहे.

लहानपणी समुद्रतळाच्या गवतात माझ्या पोटात एक गोगलगाय राहायची. ती खायची, झोपायची, आणि मी तिचं घर होऊन तिच्यामागे फरफटत जायचो. एके दिवशी माझा शेवटचा धनी अल्रिक, त्याच्या आजोबांनी बुडी मारून आम्हा दोघांना वर आणलं. तिचं नारळाच्या दुधात कालवण झालं. घर रिकामं झालेलं पाहून आजोबांनी करवतीनं माझ्या शेंड्याचं टोक कापलं, ओठ टेकवले आणि फुंकर मारली. मित्रांनो, त्या पहिल्या आवाजानं शेजारच्या बेटावर पाद्रीबुवांची कवळी ऐन प्रवचनात निसटून पडली. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. ते वारले, यात माझा काय दोष?

माझ्याकडे तीन हाका होत्या. लांब आणि चढत जाणारी हाक म्हणजे होड्या भरून आल्या, पातेली घेऊन खाली या. खोल आणि सावकाश हाक म्हणजे गावातलं कुणी गेलं. आणि तिसरी तुटक, धापा टाकल्यासारखी. ती बुडत्याची हाक. ती ऐकली की कोण, कुठे, कसा असलं कुणी विचारायचं नाही. चुलीवरचं जळू द्यायचं, डॉमिनोचा डाव उलटा टाकायचा आणि किनाऱ्यावरच्या होड्या पाण्यात लोटायच्या. एकदा मी तशी हाक दिली तेव्हा चर्चमधून नवरा मुलगाच नव्या बुटांनिशी पाण्यात उतरला होता. ज्याला वाचवलं तो आजही जिवंत आहे. त्या बुटांबद्दल नवरी अजून कुरकुरते.

आजोबांकडून मी अल्रिकच्या वडिलांकडे आलो आणि वडिलांकडून अल्रिककडे. अल्रिक आणि त्याचा धाकटा भाऊ क्लेवन एकाच होडीवर जात. क्लेवन वल्ही मारायचा, जाळं ओढायचा आणि तोंडानं भावाची टिंगल चालू ठेवायचा. अल्रिक फुंकायचा. पुढे अल्रिकचे गुडघे धरले आणि त्याचं समुद्रावर जाणं सुटलं. संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन पुळणीवर बसून राहायचा. मला पुसायचा, पण फुंकायचा क्वचित. मासळीच कमी झाली होती, आणि आली तर लोक फोनवर कळवत. त्या दिवसांत माझ्या तोंडात वाळू साचली होती.

मग पुळणीवर रॉडेल आला. मोठ्या बेटावरचा हसतमुख माणूस. त्यानं नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला, रंगीत दिवे लावले, तळलेल्या मासळीची भट्टी मांडली, ढोलवाले बसवले. संध्याकाळ झाली की लांबलांबच्या बोटींवरून पाहुणे उतरू लागले. हातात रम घेऊन सगळी पुळण पश्चिमेकडे तोंड करून बसायची आणि सूर्य बुडेपर्यंत नाचायची. रॉडेलनं अल्रिकला विचारलं, सूर्य पाण्याला टेकला की एकदा शंख फुंकशील का? अल्रिकनं फुंकला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हातारा इतका लाजला की त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि परत काढली. मित्रांनो, टाळ्या ही फार गोड चीज आहे. मासळीची हाक दिल्यावर लोक पातेली घेऊन धावत येत, पण वाहवा कुणी केली नव्हती.

क्लेवन होडी ओढून वर आणताना म्हणाला, "दादा, तुझ्या फुंकरीवर हल्ली मासे येत नाहीत, पाहुण्या येतात."

"येऊ देत की. माशांनी कधी टाळी वाजवली होती मला?" अल्रिक म्हणाला, आणि दोघेही हसले.

थोड्या दिवसांनी रॉडेलला लांब हाक सपक वाटू लागली. एकदा अल्रिकनं बोलता बोलता त्याला तिन्ही हाका ऐकवल्या होत्या. त्यातली तुटक हाक रॉडेलच्या मनात भरली. ढोलाच्या तालात ती नेमकी बसेल, लोकांचे पाय आपोआप उचलतील, असं त्याचं म्हणणं. अल्रिकनं बरेच दिवस नाही म्हटलं. ती बुडत्याची हाक आहे, ती गंमत म्हणून वाजवत नाहीत, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. पण एका संध्याकाळी मांडवात खूप गर्दी होती, सगळे त्याच्या नावानं ओरडत होते, आणि त्यानं ती वाजवली. ढोलांनी ती उचलली. अख्खी पुळण नाचली.

त्या दिवशी टेकडीवरून माणसं धावत खाली आली. कुणाच्या हाताला पीठ लागलेलं, कुणाच्या पायात एकच चप्पल. त्यांनी नाच पाहिला आणि ती परत गेली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी आली. नंतर कुणीच येईना.

आली ती फक्त युलाली मावशी, त्या दोघा भावांना लहानाचं मोठं करणारी. अल्रिकसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "ही हाक अशी उधळू नकोस रे. खरंच लागेल त्या दिवशी काय फुंकशील?"

"मावशी, हल्ली सगळ्यांकडे फोन आहेत."

"पाण्यात पडलेल्याच्या हातात फोन असतो होय?" ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

इथवर मी थोडंफार मीठ लावून सांगितलं असेल, तशी माझी खोडच आहे. पुढचं मात्र जसं घडलं तसंच सांगतो.

त्या संध्याकाळी क्लेवन एकटाच प्रवाळाच्या खडकांपलीकडे मासे धरायचे पिंजरे उचलायला गेला होता. परतताना इंजिन बंद पडलं. तिथला प्रवाह होडीला उघड्या समुद्राकडे खेचतो, एका माणसाच्या वल्ह्यांना तो आवरत नाही. क्लेवननं अंगातला सदरा वल्ह्याला बांधला आणि होडीत उभा राहून हलवू लागला. नेमका त्याच्यामागे सूर्य टेकत होता. नारिंगी पाणी, काळी होडी, तिच्यात हात हलवणारा माणूस. मांडवातले लोक हरखले. त्यांनी फोटो काढले. एका बाईनं तर उत्तरादाखल त्याला हात हलवून दाखवला.

अल्रिकनं वल्ह्यावरचा सदरा ओळखला.

मित्रांनो, दुसरा कुणी असता तर धावत जाऊन चार तरुण गडी गोळा केले असते. पण या घराण्याची माणसं संकटात पळत नाहीत, फुंकतात. तीन पिढ्यांची सवय. अल्रिकनं मला तोंडाला लावलं आणि बुडत्याची हाक दिली. इतका जीव तोडून ती त्यानं कधीच दिली नव्हती.

ढोलवाल्यांनी ताल धरला.

तो फुंकत राहिला. लोक नाचत राहिले. भट्टीवर काम करणाऱ्या गावातल्या पोरांनी मान वर करून हसून पाहिलं, आज म्हातारा रंगात आहे म्हणाले आणि मासळी परतू लागले. वर टेकडीवर बायकांनी ऐकलं आणि खिडक्या ओढून घेतल्या, रोजचीच कटकट म्हणून. डॉमिनो खेळणाऱ्यांनी पुढची सोंगटी लावली. अल्रिकचा ओठ फुटला, रक्त माझ्या आत उतरलं, आणि शेवटी आवाजाऐवजी नुसता घर्र असा वारा निघाला. त्यावरही टाळ्या पडल्या.

तेव्हा कुठे त्यानं मला वाळूत टाकलं आणि गुडघे खेचत भट्टीकडे गेला. एका पोराची कॉलर धरून म्हणाला, "अरे, आपला क्लेवन आहे तो."

मग सगळे धावले. ढोल थांबले, होड्या लोटल्या गेल्या. सर्वांत पुढच्या होडीत रॉडेल होता. पण आमच्याकडे सूर्य बुडाला की अंधार दार आपटल्यासारखा येतो. दुसऱ्या दिवशी त्यांना पिंजरे सापडले, एक वल्हं सापडलं. होडी नाही, क्लेवन नाही.

मृत्यूची हाक कुणी दिलीच नाही. ती फक्त अल्रिक देऊ शकला असता, आणि तो मला हातात घ्यायला तयार नव्हता. गावानं बरीच वाट पाहिली. मग टेकडीवरच्या दफनभूमीत, रिकाम्या जमिनीवर क्लेवनच्या नावाचा दगड बसवला. रॉडेल टोपी हातात धरून मागे उभा होता. रडत होता. अल्रिकनं मला दगडाच्या पायथ्याशी ठेवलं, तोंड समुद्राकडे करून. त्यानंतर तो पुळणीवर उतरलेला मी पाहिलेला नाही.

मांडवात आता शंखाचा आवाज यंत्रातून येतो. सूर्य टेकला की तो वाजतो आणि टाळ्या पडतात. मला वरपर्यंत ऐकू येतं.

इथं वारा फार असतो. कधी कधी तो माझ्या कापलेल्या टोकातून शिरतो आणि मी आपोआप वाजतो. फार बारीक, तुटक. कबरींवर फुलं ठेवायला आलेल्या बायका थबकतात. त्या एकमेकींकडे बघत नाहीत, माझ्याकडेही नाही. आधी समुद्राकडे बघतात. तिथं काही नसतं. तरी त्या डोळ्यांवर आडवा हात धरून नीट, कडेपासून कडेपर्यंत पाहून घेतात आणि मगच फुलं ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी हाक असेल. तिला गमतीत खर्चू नका. आणि दुसऱ्या कुणाची कानावर पडली, अगदी ढोलाच्या तालात बसत असली तरी, टाळीसाठी उचललेले हात क्षणभर तसेच धरा आणि तो माणूस कुठे उभा आहे ते आधी पाहा.