तीनदा सांग

माझ्या बापाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि माझं इंग्रजी त्यानेच तपासलं. हे सांगितलं की लोक हसतात. ज्यांच्या घरी शिकवणीला मास्तर येत होता, त्यांनी तर खुशाल हसावं.

एकोणीसशे एकसष्ट साल. भिलाईत भट्ट्या पेटल्या होत्या, तरी कारखान्याचं बांधकाम काही संपत नव्हतं. आमच्या रेल्वे क्वार्टरचा ओटा माय दिवसातून दोनदा झाडायची आणि संध्याकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ असायची. माझा बाप, चंपत, स्टेशनावर पॉइंट्समन होता. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते स्टेशनमास्तर सांगणार आणि बा जाऊन तो रूळ लावणार. आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. छप्पन्न साली बा आणि माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्या दिवशी बाने भिंतीवरचे देव उतरवले आणि मोकळ्या खिळ्याला माझी शाळेची पाटी अडकवली. त्या पाटीखाली बसून मी मॅट्रिक झाले, फर्स्ट क्लासात, आणि सायन्स कॉलेजात गेले. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतली पहिली मुलगी.

कॉलेज पॅसेंजरनं जाण्याच्या अंतरावर होतं. नाव सांगत नाही. तिथली मोठी माणसं आता वारली, पण त्यांची नातवंडं आहेत.

शाळा माझी हिंदीतून झालेली. इंग्रजी पुस्तक समोर ठेवलं तर मी वाचून समजून घ्यायची, अडलं तर डिक्शनरी होती. पण केमिस्ट्रीचे नियोगी सर बोलायला लागले की मला नळाचं पाणी पडल्यासारखं नुसतं ऐकू यायचं. शब्द कुठे सुरू झाला, कुठे संपला, काही पत्ता नाही. तास संपताना ते विचारत, "क्लियर?" आणि चाळीस गळ्यांतून निघे, "यस सर!" त्यात एक गळा माझा. बाकीच्या एकोणचाळीसांपैकी तीसजण माझ्याच नावेत होते हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हा मला त्यांची कीव नाही आली, रागच आला.

इकडे ठकूआत्यानं गोंदियाचा एक मुलगा हेरून ठेवला होता. मायनं तिला शब्द देऊन टाकला होता की पोरगी एक साल जरी नापास झाली तर उन्हाळ्यात लग्न. म्हणजे माझ्याकडे एकच वर्ष होतं.

दिवाळीनंतर एकदा जेवताना बानं विचारलं, "आज का शिकवलं वं, सत्ते?"

"केमिस्ट्री."

"थे त मले मालूम हाय. सरानं का सांगितलं?"

मी भाकरीचा तुकडा कालवणात फिरवत बसले. शेवटी म्हटलं, "नाही समजत बा मले. थे लय घाईनं बोलते."

"मंग सांगाव ना त्याइले."

"थे इचारते, क्लियर? आमी म्हनतो, यस सर."

"नाही समजलं तरी बी?"

"सारेच म्हनते."

बाचा हात ताटातच थांबला. "स्टेशनमास्तर मले म्हनते, तीन नंबर लाव. मी हो म्हनतो का? मी म्हनतो, तीन नंबर. थो म्हनते, बरोबर. तवा मी हात लावतो. न आयकता हो म्हनलं का गाडी गेली, अन् तिच्यातले मानसं बी गेले. थ्या साऱ्या पोराइले जाऊ दे खड्ड्यात. तू कावून म्हनते?"

मला उलट बोलायचं होतं. कारण हाच बा, एखादा अधिकारी इंग्रजीत झाडायला लागला की मान खाली घालून "जी साहब, जी साहब" करताना मी डोळ्यांनी पाहिला होता. शिवी होती की शाबासकी, ते त्याला घरी येईपर्यंत कळलेलं नसायचं. पण मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून बानं शाळा सुरू केली. शेजारच्या क्वार्टरात भाऊराव बुकिंग क्लार्क राहत. त्यांनी रेडिओ घेतला होता आणि तो ते खिडकीत ठेवत, म्हणजे सगळ्या लाइनीला कळावं की घेतला आहे. सकाळच्या इंग्रजी बातम्या लागल्या की रात्रपाळी करून आलेला बा मला त्या खिडकीखाली उभं करायचा आणि स्वतः भिंतीला टेकून उकिडवा बसायचा.

"का म्हनलं त्यानं? सांग."

मी ऐकलेलं एक वाक्य इंग्रजीत म्हणायची.

"फिरून."

मी परत म्हणायची.

"आनखी एक डाव."

तिसऱ्या वेळी माझी जीभ कुठे ना कुठे अडखळायची. बा डोळे मिटून ऐकत असायचा. त्याला अर्थाशी देणंघेणं नव्हतं, चाल तेवढी जुळते का ते पाहायचा. "इथं घसरली तू. हे तू आयकलं नाही, मनानं लावलं." आणि दर वेळी बरोबर तीच जागा सापडायची, जिथे मी ठोकून दिलेलं असे. मी चिडून विचारलं, तुला कसं कळतं? तो म्हणाला, "खोटं दोनदा सारखं येते, पोरी. तिसऱ्यांदा घसरते. पंचवीस साल मी दुसऱ्याचं आयकूनच नवकरी केली."

लाइनीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. जवळच्या कोहका गावाहून भाजी घेऊन येणारी म्हातारी तर टोपली उतरवून तमाशा बघत थांबायची. मला लाज वाटायची, बाला नाही. संक्रांतीपर्यंत बातम्या देणाऱ्याचं निम्म्याहून जास्त कळायला लागलं आणि मग वर्गात नियोगी सरांचंही. नळाच्या धारेतून शब्द सुटे होऊ लागले. बोलायची मात्र हिंमत होत नव्हती. कान तयार झाले होते, तोंडाला कुलूप तसंच.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा आली. माझं जर्नल सुरेख होतं, हे मी आज निर्लज्जपणे सांगते. प्रयोग माझे, अक्षर माझं, आकृत्या माझ्या. नियोगी सरांनी ते चाळलं, माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात "यस सर" खेरीज एक शब्द न बोललेली मुलगी. त्यांनी काहीतरी विचारलं. माझ्या कानात नुसतं धडधडत होतं. तीन महिन्यांचा रेडिओ, सगळा पुसला गेला.

"यस सर," मी म्हटलं.

त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, आवाज चढवून.

"यस सर."

बाहेर आल्यावर एका मुलानं सांगितलं. पहिला प्रश्न होता, हे जर्नल तू दुसऱ्याकडून लिहून घेतलंस का? दुसरा होता, म्हणजे तू कबूल करतेस? जर्नल सरांनी ठेवून घेतलं होतं. उद्या पालकाला घेऊन प्रिन्सिपॉलसमोर हजर. जर्नल रद्द झालं तर प्रॅक्टिकल गेलं, प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर गोंदिया.

घरी सांगितलं तेव्हा मायनं कपाळाला हात लावला. बा एवढंच म्हणाला, "आखीर म्हनलंच तू न आयकता." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बा निळा युनिफॉर्म इस्त्री करून, छातीवरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासून आला. प्रिन्सिपॉल गोरेपान, चष्म्याचे, खुर्चीत रेलून बसलेले. शेजारी नियोगी सर. आम्ही दोघं उभे. प्रिन्सिपॉलनी सवयीनं बाशी इंग्रजीतच सुरुवात केली. दोन-तीन वाक्यं झाली आणि ते थांबले. आता बा "जी साहब" म्हणणार, आणि मी मेले.

"साहब," बा म्हणाला, "समझ में नहीं आया. फिर से बोलिए."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. कोणत्याही साहेबाला हे म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

प्रिन्सिपॉलनी कपाळाला आठ्या घालून हिंदीत सांगितलं की तुमच्या मुलीनं चोरी कबूल केली आहे.

"साहब, इसने सवाल सुना था क्या? हमारे यहाँ सुननेवाला पहले दोहराता है, तब गाड़ी छूटती है. एक बार दोहराने दीजिए."

नियोगी सरांनी खांदे उडवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तो जसाच्या तसा म्हटला, त्यांच्याच चालीत. मग म्हटलं, "नो सर." कुलूप उघडलं ते उघडलंच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, मी लिहिलं, लायब्ररीच्या पुस्तकावरून समजून घेऊन लिहिलं, तुमचं बोलणं मला कळत नव्हतं म्हणून मी हो म्हणत होते. व्याकरणाचा खिमा झाला. सरांनी जर्नल उघडून एका प्रयोगावर चार प्रश्न विचारले. चारही मी आधी परत म्हटले, मग उत्तरं दिली. त्यांनी जर्नलवर सही केली. मला रडू येणार होतं.

तेवढ्यात प्रिन्सिपॉल बाकडे पाहत नियोगी सरांशी इंग्रजीत बोलले. रेडिओवरच्या माणसासारखे त्यांचे उच्चार स्वच्छ होते. एकही शब्द सुटला नाही माझा. ते म्हणाले, "जाऊ द्या. पोपटासारखं पाठ करून होईल पास बिचारी. बाप पाहिलात ना? साधं वाक्य दोनदा सांगावं लागतं. या लोकांना सरकारनं कितीही वर ओढलं, तरी डोकं कुठून आणणार?" नियोगी सर हसले नाहीत. पण काही बोललेही नाहीत.

मग ते माझ्याकडे वळले. तुला वर्ष पूर्ण करू देतो, पुन्हा तक्रार येता कामा नये, समजलं?

बा शेजारी उभा होता, बिल्ला चमकत होता. माझं वर्ष टेबलावर होतं.

"यस सर," मी म्हटलं. सगळं समजून म्हटलेलं माझं पहिलं यस सर ते. त्याची चीड मला आजही येते, आणि ती प्रिन्सिपॉलची कमी, माझीच जास्त येते.

परतीच्या पॅसेंजरला वेळ होता. बानं प्लॅटफॉर्मवर शेंगा घेतल्या. इतका खूश मी त्याला माझ्या मॅट्रिकच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. शेंगा फोडत तो मला दाणे देत होता.

"आखरीले साहेब का बोलले वं इंग्रजीत? माह्याकडं पाहून बोलले."

मी तयार नव्हते. तरी पटकन म्हटलं, "म्हनले, मानूस हुशार हाय. असा बाप सगळ्याइले भेटत नाही."

बा हसला. मग सवयीनं म्हणाला, "फिरून सांग."

"मानूस हुशार हाय. असा बाप सगळ्याइले भेटत नाही."

त्याचा शेंग धरलेला हात थांबला. तो माझ्याकडे पाहत होता, खिडकीखाली बसून ऐकायचा तसा, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. मी मनातल्या मनात तिसऱ्यांदा ते शब्द जुळवत होते.

"राहू दे," बा म्हणाला. "तिसऱ्यांदा नको सांगू."

उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत टाकून तो उठला आणि गाडी कुठवर आली ते बघायला प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेला.