पाठमोरा

भांडण पेटलं ते सुईवरून. कुत्र्यांना पिसाळण्यावरची लस टोचायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई पाणवठ्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसल्या होत्या, आणि गावातला जो तो आपलं कुत्रं दोरीला धरून तिकडं निघाला होता. कुणाचं कुत्रं वाटेतच बसकण मारत होतं, तर कुणाचं मालकालाच फरफटत नेत होतं. एकटा बडबड्या तेवढा मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून, जसं काही झालंच नाही अशा थाटात काठी तासत बसला होता.

बायको दोन वेळा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा मात्र तिचा पारा चढला. गावातलं शेंबडं पोरसुद्धा आपलं कुत्रं घेऊन गेलं, आणि आपल्याकडे मेंढ्या राखणारी कुत्री असून ती तशीच मोकळी, म्हणून तिनं त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, पुढच्या खेपेला. ती म्हणाली, पुढची खेप दीड महिन्यानं. तो म्हणाला, दीड महिन्यानं काय आभाळ कोसळतंय?

"अगं, आठ महिने घातलेत मी तिच्यामागं," तो म्हणाला. "आता कुठं तीन हातांवर येऊन बसते. आज गळ्यात दोरी टाकली की सगळं मुसळ केरात. पुन्हा जन्मात येणार नाही."

आता बडबड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही घटकाभर विचार करावा लागला असता. हा माणूस बोलायला लागला की समोरच्याचा चहा निवायचा, दुसरा यायचा, तोही निवायचा. आणि हाच माणूस कुत्र्यापाशी बसला की तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प. हाक नाही, शीळ नाही, चुटकी नाही. हातातून तुकडा म्हणून कधी दिला नाही. जर्मनच्या भांड्यात दोन वेळचं अन्न ठरल्या जागी ठेवायचा आणि निघून जायचा. काम केलं तरी भांडं भरलेलं, नाही केलं तरी भरलेलं. लोक हसायचे. त्याचं एकच म्हणणं, पोटाला तर द्यायचंच आहे, त्याचं आमिष कशाला करायचं?

ही कुत्री त्यानं आणली वीटभट्टीवरून. तिथं दोन वर्षं ती साखळीला होती. गळ्याभोवती बोटभर रुंदीचा पट्टा केस जाऊन उघडा पडलेला. माणसाचा हात वर झाला की ती जमिनीला चिकटायची, मग तो हात डोकं खाजवायला का वर होईना. गाव तिला भट्टीवाली म्हणायचं. बडबड्यानं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की माणूस हाका मारत सुटतो, असं त्याचं मत.

पहिले दोन महिने तो नुसता तिच्याकडे पाठ करून बसला. शेताच्या दगडी गडग्यापाशी एक सपाट दगड होता, त्याच्यावर. रोज सकाळी, मेंढ्या सोडण्याआधी तासभर. ती चाळीस पावलांवर. ती थोडी जवळ सरकली की हा उठून चालता व्हायचा, म्हणजे तिला कळावं की जवळ जाण्यात फसगत नाही. कधी तिनं पाऊल मागं घेतलं तर हाही दोन पावलं दूर जाऊन बसायचा. बायको म्हणायची, माझ्याशी लग्न ठरवताना एवढा धीर धरला असतात तर बरं झालं असतं. चौथ्या महिन्यात ती मेंढ्यांच्या पलीकडच्या अंगानं चालायला लागली. तो वळला की ती वळायची. तो थांबला की ती कळपाच्या तोंडाला जाऊन उभी राहायची. शेजारचा बागवाला आपल्या कुत्र्याला शिट्ट्या मारून आणि बिस्किटं चारून दमायचा आणि यांच्याकडे बघून कपाळाला हात लावायचा.

तर त्या दिवशी सुई राहिली. डॉक्टरीणबाई स्वतः घरापर्यंत आल्या, म्हणाल्या, काका, मी जरा धरून टोचते, एक मिनिटाचं काम. यानं हात जोडले. पुढच्या खेपेला ती आपल्या पायानं येईल, माझ्या मांडीवर डोकं ठेवेल, तेव्हा खुशाल टोचा, असं त्यानं सांगितलं. बाईंना घाई होती. वहीत काहीतरी लिहून त्या गेल्या.

पुढं बारा दिवसांनी, चांगलं उजाडलेलं असताना, एक कोल्हा झुकांड्या खात कळपात शिरला. भट्टीवालीनं त्याला असा धरला की तो केकाटत ओढ्यापलीकडे पळाला. बडबड्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आठ दिवस तो गावाला तीच कथा सांगत होता, आणि दर वेळी कोल्हा वीतभर मोठा होत होता. बागवाल्यानं एकदाच मध्ये तोंड घातलं, "अरे, पण भर उजेडात कोल्हा माणसांत येतो कसा?" बडबड्यानं ते ऐकलंच नाही. बोलण्याच्या भरात होता. कुत्रीला त्यानं पाहिलं होतं, पण तीन हातांवरून. रक्त दिसलं नाही. तिचा ओठ उचलून आत बघायचा तर तिला हात लावायला हवा होता.

असा महिना गेला. पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. बुधवारी जर्मनचं भांडं तसंच भरलेलं राहिलं. गुरुवारीही. शुक्रवारी सकाळी ती पाण्याच्या कुंडीपाशी उभी होती, जबडा लोंबलेला, लाळेची तार जमिनीला टेकलेली, मागचे पाय लटपटत. पाण्यात तोंड घालायची आणि पाणी तसंच बाहेर सांडायचं.  बडबड्यानं बायकोला हाक मारली ती अशा आवाजात, की तिनं हातातलं काम टाकून आधी मेंढ्यांच्या कुंपणाचं दार लावलं.

फोन गेला तशा बाई तासाभरात आल्या. लांबूनच बघितलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत बसल्या. आता औषध नाही, म्हणाल्या. दोन दिवस, फार तर तीन. आणि ते दिवस फार वाईट असतात. त्या पहिल्या खेपेबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

बागवाला तोवर बंदूक घेऊन आला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याची नातवंडं अंगणात खेळत होती. तो म्हणाला, इथून नेम बसेल, पण हात हलला आणि ती जखमी होऊन वस्तीत शिरली तर? प्रश्न खरा होता. आणि धरायला गेलं तर ती पळणार, हेही खरं. तिला धरू शकेल असा माणूस गावात नव्हता. तिला बसून बोलावू शकेल असा एकच होता, आणि त्यानं तिला कधी बोलावलं नव्हतं.

"एक तास द्या मला," बडबड्या म्हणाला.

बाईंनी त्याला जाड कोट घालायला लावला. कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे दिले आणि बजावलं की काहीही झालं तरी ते काढायचे नाहीत. त्याला स्वतःला इंजेक्शनं घ्यावी लागणार होतीच. मग काठीच्या टोकाला सुई बसवून त्या गडग्यामागं खाली बसल्या. बागवाला झाडाआड. बायको दारात, पदराचा बोळा तोंडावर धरून.

तो सपाट दगडावर जाऊन बसला. पाठ करून.

ऊन चढत होतं. मागं तिचे पाय घासत असल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. नऊ महिन्यांत त्याला तिची पावलं डोळे झाकून ओळखता येत होती. ही पावलं तिची वाटत नव्हती, पण वाट तीच होती. वीस पावलं. दहा. नेहमीसारखी तीन हातांवर ती थांबली, आणि बडबड्याच्या मनात आलं की आत्ता उठावं. रोज उठतो तसं उठून चालू लागावं. ती जवळ आली की उठायचं, यात फसगत नाही, हेच तर तिला शिकवलं होतं. किंवा ओरडावं, जा म्हणावं. पण जा हा शब्द त्यानं तिला शिकवला नव्हता. आणि गेली असती तरी जाणार कुठं होती? कुणाच्या तरी अंगणात, बंदुकीपुढं.

तो बसून राहिला.

मग त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. तिची कूस. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. अंग तापलेलं होतं, कोटातूनही कळत होतं. थोडा वेळ ती तशीच टेकून उभी राहिली, मग वळसा घालून पुढं आली आणि तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं तसंच, आपल्या पायानं येऊन.

त्यानं हात उचलला. हात वर झाला तरी ती जमिनीला चिकटली नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोन कानांच्या मधे, आणि त्याला चामड्याशिवाय काही लागलं नाही. तिचे केस मऊ आहेत की राठ, हे त्याला कळलं नाही, ते आता कधी कळणारही नव्हतं.

गडग्यावरून काठी आली. सुई टोचली तेव्हा ती दचकली, पण मागं वळून पाहिलं नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा बोलणारा माणूस, सबंध गावाचे चहा निववणारा, पण त्याला काही म्हणता आलं नाही. तिला हाक मारायला नावसुद्धा नव्हतं. हळूहळू डोकं जड झालं. बाईंनी दुसरी सुई दिली तेव्हा ती झोपलेली होती.

बागवाला झाडाआडून आला. त्याचे डोळे भरले होते आणि तो मनापासून बोलत होता. "काय शिकवलंस रे तिला! हाक नाही, तुकडा नाही, मरतानासुद्धा चालत आली. असं कुत्रं मी बघितलं नाही." पुढं महिनाभर गावात तीच कथा चालली. सांगणारा मात्र बडबड्या नव्हता. इंजेक्शनं घ्यायला तो वेळच्या वेळी जायचा, दंड पुढं करायचा, परत यायचा. त्याच्या घरी चहा गरम असतानाच संपायला लागला. बायकोनं एकदाही सुईचा विषय काढला नाही. एकदा त्यानंच काढला. म्हणाला, तू सांगत होतीस. ती म्हणाली, जेवा आता.

पावसाळा संपता संपता बागवाल्यानं आपल्या कुत्रीचं पिल्लू आणून दिलं. तीन महिन्यांचं, तपकिरी, पोट सुटलेलं. बडबड्यानं पहिलं काम केलं ते त्याला पिशवीत घालून शेडवर नेऊन टोचून आणण्याचं. दुसऱ्या दिवशी बायको बघते तर हा अंगणात उभा, पिल्लाच्या गळ्यात सुतळी, हातात तुकडा, आणि मोठमोठ्यानं, "ये! ये इकडे!"

"अहो, हे काय?" ती म्हणाली. "तुम्ही आणि तुकडा?"

"याला तुकड्यासाठीच येऊ दे," तो म्हणाला. "माझ्यासाठी यायला नको."

 ती आत गेली, चुलीपाशी बसली आणि दारातून बघत राहिली. तो बराच वेळ हाका मारत होता. पिल्लू यायचं, तुकडा खायचं, पळायचं. शेवटी तुकडे संपले. त्यानं सुतळी सोडली, तुकड्यांची ताटली खाली ठेवली आणि तो गडग्यापाशी जाऊन दगडावर बसला, सवयीनंच, पाठ करून.

पिल्लानं रिकामी ताटली चाटली, इकडं तिकडं बघितलं आणि डुलत डुलत त्याच्याकडे गेलं. जाऊन त्याच्या पाठीला टेकून बसलं. तो पुढं सरकला. पिल्लू सरकलं. तो पुन्हा सरकला, आता दगड संपत आला होता. पिल्लू पुन्हा येऊन टेकलं आणि त्यानं जांभई दिली.

तिसऱ्यांदा तो सरकला नाही. त्याचे खांदे हलत होते. बायकोनं चहाचं आधण उतरवलं, आणि त्याला हाक न मारता ती तशीच बसून राहिली.