धारवाडीचा घ

“आबा, ध ठेवायचा का घ?” ऋतुजानं नमुन्याच्या दोन पिशव्या माझ्यापुढं धरल्या. एकीवर ‘धारवाडीची तूरडाळ’ छापलं होतं, दुसरीवर ‘घारवाडीची तूरडाळ’.

नव्या डाळमिलच्या शेडमध्ये बैठक भरली होती. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, सरकारी योजनेतून मिल उभी राहिली. आजवर आमची तूर पोत्यानं लातूरला जायची, आता डाळ होऊन पिशवीनं जाणार होती. ऋतुजा गावचीच लेक, शेतीचं शिकून आलेली. कंपनीचं कामकाज तीच बघते. पिशवीवरचं नाव तिला संध्याकाळपर्यंत छापखान्याला कळवायचं होतं.

“इचारायचं काय त्यात?” चेअरमन संगमेश्वरअप्पा म्हणाले. “डोंगरातल्या पान्याच्या धारेवरून धारवाडी. कागदावर तेच हाय.”

“पन बाजारात घारवाडी चालतं, अप्पा,” ऋतुजा म्हणाली. “दुकानदार त्याच नावानं मागून राहिलेत.”

“त्यो आडत्या महादेवप्पाच्या मुनिमाचा घोळ. लोक ध चा मा करतेत, ह्यानं घ केला. मेलेल्या मान्साची चूक आपन कामून मिरवायची?”

माणसं हसली. मुनिमानं वहीत ध चा घ लिहिला आणि बाजारात तेच नाव पडलं, हा किस्सा गावात पन्नास वर्षं चालला आहे. मीही दर वेळी हसलो आहे. आज हसू येईना.

मुनिमानं काही केलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदा तूर भरभरून आली, तेव्हा लातूरचे आडते महादेवप्पा मला म्हणाले, “श्रीमंत, पोत्यावर गावाचं नाव टाक. माल चांगला हाय, लोकांना वळखू यील.” मला अक्षर येत नव्हतं. शाळेच्या पाटीवरचं नाव मी कोळशानं कागदावर उतरवलं आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यात छिन्नीनं कापलं. पहिल्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ तुटकी दिसत होती. पाटीचा रंग उडाला असेल असं समजून मी ती सरळ पुरी केली. काम नीटनेटकं झालं म्हणून खूश झालो.

पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि काळ्या रंगात भिजवलेला चिंधीचा बोळा वरून फिरवायचा. धोंडाबाई, माझी बायको, पोतं ताणून धरायची. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येपासून शिमग्यापर्यंत तिची बोटं काळीच असायची. त्याच हातानं भाकर थापली तर तिच्यावरही घार बसंल, असं मी तिला चिडवायचो. कारण तोवर आमच्या तुरीचं नाव ‘घार’ पडलं होतं; ते मुनिमामुळं, असं तेव्हा मीही समजायचो. शिजायला हलकी, चवीला गोड. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, लोक विचारायचे, घारीची पोती आली का?

वीस वर्षांनी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. चव्वेचाळीस वर्षांचा मी, पाटी घेऊन बसलो. धोंडाबाई चौथी शिकलेली. तिला म्हणालो, आधी तुझं नाव शिकीव. तिनं ध काढून दाखवला. मी गिरवताना वरची रेघ पुरी करू लागलो, तसा तिनं माझा हात धरला.

“हितं मोकळं ठिवायचं. न्हाईतर घ व्हतो.”

मी उठलो, खुंटीवरचा पत्रा काढला, उजेडात धरला आणि तसाच खाली बसलो.

“तुला ठावं व्हतं?”

“पहिल्याच पोत्याला.”

“मंग बोलली न्हाईस कामून?”

“किती कौतिकानं दाखवून राहिले व्हते तुमी.” ती पाटी पुसत म्हणाली. “आता बाजार घारीला वळखतो. पोत्यावर राहू द्या. माझ्या नावात तेवढा ध नीट काढा.”

तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली.

अप्पांनी ध ची पिशवी उचलली. “हीच पाठव, ऋतुजा.”

मी गुडघ्यावर हात टेकून उठलो. “अप्पा, मुनिमाला बोलू नका. त्यो घ मी केला.”

“तुमी?”

“पाटीवरची रेघ तुटली म्हनून मी जोडली. अक्षर येत नव्हतं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी पन्नास वर्सं मुनीम फुकट शिव्या खाऊन राहिला की ओ, आबा.”

“हाव. त्याची माफी मागायलाबी उशीर झाला.” मी खाली बसलो नाही. “पन पिशवीवर घ च टाका. लोक घार म्हनून आपली तूर शोधतेत. माझी लाज झाकायला गिऱ्हाईक सोडू नका.”

अप्पांनी दोन्ही पिशव्या शेजारी धरून पाहिल्या. मग ध ची बाजूला ठेवली.

“मुनिमाची चूक असती तर काढली असती,” ते म्हणाले. “ही आपल्या घरची हाय. ठिवा. खाली पत्त्यात तेवढं धारवाडी लिवा.”

ऋतुजा माझ्याबरोबर घरी आली. पिशवीवर जुन्या छापाचंच अक्षर घ्यायचं तिच्या मनात होतं. मी खुंटीवरचा पत्रा काढून दिला. तिनं मोबाइलवर त्याचे फोटो काढले, कडेचा गंज बोटानं चाचपला आणि पत्रा माझ्या हातात देऊन गेली.

दारातून उतरतं ऊन आत आलं होतं. पत्रा परत अडकवायला उचलला, तर भिंतीवर उजेडाची अक्षरं उमटली. पहिल्या अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेवर मी अंगठा ठेवला. सही यायच्या आधी शाईत बुडवायचो, तोच अंगठा.

भिंतीवर ध झाला.

ऊन भिंतीवरून जाईपर्यंत मी अंगठा हलवला नाही.