अकरा मे : निरंक

एकोणचाळीस अंश तापमानात माणसाच्या खांद्यावर शाल टाकायची कल्पना फक्त हवामानप्रेमींनाच सुचू शकते. गुरुप्रसादनं दत्तोपंत सांगवडेकरांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि हॉलमधल्या पंचवीस-तीस जणांनी मोबाइल वर केले. दत्तोपंतांच्या मानेवरून घाम ओघळत होता. सत्कार म्हटला की हे आलंच, असा चेहरा करून ते उभे राहिले. शहात्तराव्या वर्षी का होईना, कुणाला तरी आपली आठवण झाली होती.

‘वळीव कट्टा’ हा कोल्हापुरातला व्हॉट्सॲप ग्रुप. बँकेत अधिकारी असलेला गुरुप्रसाद त्याचा ॲडमिन. वर्षभर ही मंडळी एकमेकांना ढगांचे फोटो पाठवायची आणि मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी भडंग-चहावर जमायची. लोक लग्नाच्या आठवणी काढतात तशा हे लोक वादळांच्या काढत. टाइल्सच्या दुकानवाल्या विजयसिंहांनी मलकापूरच्या गारपिटीत जीपच्या बॉनेटला पडलेले पोचे गाडी विकेपर्यंत ठोकून घेतले नव्हते, आणि हे ते दरवर्षी सांगत. अवंतिकाबाईंच्या शाळेत एका एप्रिलमध्ये प्रयोगशाळेच्या कपाटातल्या मेणबत्त्या उभ्याच्या आडव्या झाल्या होत्या. उष्णतेच्या त्या लाटेला कशाचीच सर नाही असं त्यांचं म्हणणं. सगळे मनापासून हसत, वा वा म्हणत. ज्यांचे पत्रे उडाले, ज्यांची जनावरं विजेनं गेली, त्यांना या आठवणी इतक्या रंगवून सांगता आल्या नसत्या. पण त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं.

दत्तोपंत मात्र खास पाहुणे होते. बावड्याकडच्या सरकारी शेतीफार्मवर चौतीस वर्षं त्यांनी कारकुनी केली आणि त्यातच पर्जन्यमापक वाचायचं काम सांभाळलं. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचं फाटक उघडायचं, मापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा रजिस्टरात चढवायचा. एक दिवस चुकला नाही. त्याहून मोठा अभिमान त्यांना दुसऱ्या गोष्टीचा होता. साऱ्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून एकही शुद्धिपत्र गेलं नव्हतं. आधी पाठवलेल्या पत्रात चूक होती असं कबूल करणारं पत्र म्हणजे शुद्धिपत्र. हे त्यांनी निवृत्तीच्या भाषणात सांगितलं होतं, मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं होतं आणि आज इथंही सांगून झालं होतं.

“सर म्हणजे आपला पुरावा,” असं म्हणून गुरुप्रसादनं भिंतीवर यादी दाखवली. कोल्हापूर परिसरातले दहा मोठे वळीव. पहिलं नाव: १२ मे १९९६, एकशे अठरा मिलिमीटर. आकडे दत्तोपंतांच्या रजिस्टरातलेच होते. टाळ्या झाल्या.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. कशिश तिचं नाव, भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला. ग्रुपवर सगळ्यात चांगले ढगांचे फोटो तिचेच असत.

“सर, ती तारीख अकरा पाहिजे,” ती म्हणाली.

कुणी सांगितलं, असं गुरुप्रसादनं विचारलं. ती म्हणाली, माझ्या आजोबांनी. ते तेव्हा बावड्याच्या खाली नदीवर पंप ऑपरेटर होते. अकराला संध्याकाळी पावणेपाचला वळीव आला असं ते सांगतात, आणि दरवर्षी अकरा मेला सांगतात. गुरुप्रसाद हसला. वाईट हेतूनं नाही. वयस्कर माणसांबद्दल बोलताना लोक हसतात तसा. “वय झालं की एखादा दिवस हिकडं-तिकडं व्हायचाच. सरांचं रजिस्टर बोलतंय की,” असं म्हणून त्यानं दत्तोपंतांकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान डोलवायची होती.

दत्तोपंतांनी मान डोलवली नाही. त्यांनी विचारलं, “आजोबांचं नाव काय?”

“निसार मुल्लाणी.”

नारळ दत्तोपंतांच्या मांडीवर होता. तो त्यांनी खाली ठेवला.

अकरा मेला संध्याकाळी ते स्वतः सायकलवरून घरी निघाले होते. पेंडीच्या दुकानाच्या वळचणीला तासभर उभे राहूनही चपलेपर्यंत भिजले होते. त्याच वेळी नदीवर, पाणीपुरवठा संस्थेच्या पंपहाऊसवर वीज पडली आणि तीन मोटरी जळल्या. मोटरी जळल्या की कुणाचं तरी नाव लागतं. संस्थेच्या चेअरमनला त्या जागी आपला भाचा चिकटवायचाच होता. निसार पिऊन झोपला, मोटरी कोरड्या चालल्या आणि जळल्या, असं ठरलं. निसार म्हणाला, वीज पडली. सगळ्या बावड्यानं तो कडकडाट ऐकला होता, पण चौकशीला कागद लागतो. म्हणून फार्मला पत्र आलं: दिनांक ११ मे १९९६ रोजी आपल्या केंद्रावर पाऊस किती झाला?

आता पद्धत अशी की सकाळी साडेआठला जे पाणी मोजायचं ते त्याच सकाळच्या तारखेला चढवायचं, मग ते आदल्या दिवशी का पडलेलं असेना. अकराच्या सकाळी मापक कोरडं होतं. अकराच्या संध्याकाळचा पाऊस बाराच्या रकान्यात गेला. बाराला प्रत्यक्षात थेंबसुद्धा पडला नव्हता. दत्तोपंतांनी उत्तर दिलं: दि. ११ मे १९९६ : निरंक. एका ओळीचं, बिनचूक. विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा नेम होता. ते पत्र कशासाठी आलंय हे त्यांना त्याच वेळी कळलं होतं. हे ते पुढं कुणाजवळ बोलले नाहीत, बायकोजवळही नाही.

चार दिवसांनी निसार ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“साहेब, पाऊस अकराला झालाय. तुमी बी भिजलासा की.”

“मी कुठं नाही म्हणतो? पण नोंदीची एक पद्धत असते.”

“मग ती पद्धत काय हाय, तेवढं लिवून द्या की. मला दुसरं काय बी नको.”

दोन ओळी लिहायच्या होत्या. पण त्या दोन ओळींच्या वर ‘शुद्धिपत्र’ असं लिहावं लागलं असतं. “पत्र गेलं. आता त्यात बदल होत नाही,” असं म्हणून दत्तोपंतांनी समोरची फाइल ओढली. निसार थोडा वेळ थांबला आणि गेला. त्याची नोकरी गेली, आणि ‘मोटरी जाळणारा’ हे नाव त्याला चिकटलं. दत्तोपंत महिनाभर दुसऱ्या रस्त्यानं घरी जात राहिले. मग तेही थांबलं. स्वतःचा नीचपणा माणसाच्या अंगवळणी पडायला महिना पुरतो.

“तारीख अकराच आहे,” दत्तोपंत उभे राहून म्हणाले. शाल खुर्चीत राहिली. साडेआठची पद्धत त्यांनी समजावून सांगितली. मग म्हणाले, “मला हे तेव्हाच ठाऊक होतं. मी लिहून दिलं नाही. त्यात एका माणसाची नोकरी गेली.”

मग गुरुप्रसादनं टाळी वाजवली.

“बघा! किती बारीक माहिती. हे कुठल्या वेबसाइटवर मिळणार न्हाय,” तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विजयसिंहांनी मोबाइल पुढं केला. तेवढं साडेआठचं परत एकदा सांगा, व्हिडिओ नीट आला न्हाय, अशी त्यांची विनंती. गुरुप्रसादनं यादीत ‘११/१२ मे’ अशी दुरुस्ती केली, म्हणजे कुणाचंच मन दुखायला नको. भडंगाच्या पुड्या फिरू लागल्या. नोकरी गेलेल्या माणसाचं नाव कुणी विचारलं नाही.

कशिश जवळ आली. ती टाळ्या वाजवत नव्हती.

“हे त्यांच्यासमोर सांगाल?” तिनं विचारलं.

तिच्या स्कूटरवर मागं बसून दत्तोपंत बावड्याला गेले. शाल-नारळ कुणीतरी पिशवीत घालून हातात दिलेला, तोही बरोबर. निसार पत्र्याच्या सावलीत बसून जळक्या पंख्याची कॉइल भरत होता. नोकरी गेल्यावर त्यानं मोटर रिवाइंडिंगचं, जळक्या मोटरीत नवी तार भरायचं, काम धरलं होतं. मोटरी जाळणाऱ्याकडं मोटरी भरायला द्यायच्या, म्हणून सुरुवातीला लोक हसत. नंतर सवयीनं आणून देऊ लागले.

“दादा, हे सांगवडेकर सर,” कशिशनं आजोबांना सांगितलं.

“वळखलं,” निसार म्हणाला. तारेचे फेरे मोजत राहिला. मोजून झाल्यावर टोक दाबून धरलं आणि म्हणाला, “बसा.”

दत्तोपंतांनी सगळं सांगितलं. हॉलमध्ये सांगितलं तेच. पण इथं पद्धतीचं बोलणं मध्येच सोडून ते म्हणाले की मी तुमचं वाटोळं केलं. निसारनं ते ऐकून घेतलं.

“पाऊस अकराला झाला त्ये मला म्हायती हाय की. मी तिथंच हुतो.”

“मी लिहून देतो.”

“आता?” निसार पहिल्यांदा हसला. “चेअरमन मेला. संस्था गुंडाळली. पंपहाऊस एकोणीसच्या पुरात गेलं. कुणाला दावू?” मग तार बोटावर गुंडाळत म्हणाला, “तरी लिवा.”

कशिशनं वहीचा कागद दिला. दत्तोपंतांनी वर ‘शुद्धिपत्र’ लिहिलं, खाली रेघ ओढली. रजिस्टरात दि. १२ मे १९९६ या तारखेस नोंदलेला पाऊस प्रत्यक्षात दि. ११ मे रोजी सायंकाळी विजांच्या कडकडाटासह पडलेला आहे. या केंद्राच्या आधीच्या पत्रामुळे गैरसमज झाला. अक्षर अजून वळणदार होतं. कशिशनं वाचून दाखवलं. निसारनं ‘विजांच्या कडकडाटासह’ ही ओळ पुन्हा वाचायला लावली.

“प्रति कुणाला घालू?” दत्तोपंतांनी विचारलं.

“शमशादला,” निसार म्हणाला.

शमशाद त्याची बायको. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर वर्षभरानं गेली होती. कशिश मान खाली घालून उभी राहिली.

“तिनं मला कधी तोंडावर इचारलं न्हाय. पंचवीस वर्सं न्हाय. जायच्या आधी धा दिवस म्हणाली, आता तरी खरं सांगा, त्या दिवशी कुठं पिऊन पडलतासा. मी म्हणलं, पंपावर जागाच हुतो. तिनं नुसती मान हलिवली.” निसारनं बोटावर गुंडाळलेली तार सोडली. “तिला पटलं न्हाय.”

दत्तोपंतांनी लिहिलं: प्रति, शमशाद निसार मुल्लाणी. पेन आपोआप पुढच्या ओळीवर गेलं. चौतीस वर्षांची सवय.

“पत्ता?” त्यांनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांना कळलं.

निसारनं पंखा पुन्हा मांडीवर घेतला होता. तो पहिल्यापासून फेरे मोजू लागला, एक, दोन, तीन, हलक्या आवाजात. दत्तोपंतांनी ती ओळ मोकळी ठेवली, खाली सही केली, तारीख घातली आणि तारखेखाली नेहमीप्रमाणे वेळही लिहिली. पाच वाजून चाळीस मिनिटं.