जनाबाईच्या अफूच्या गोळ्या

सांगते ते नीट ऐका, मधे तोंड घालू नका. मी जनाबाई, ठाण्याच्या कोळीवाड्यातली. चार पोरं वाढवली ती मासळीच्या टोपलीवर. सकाळी बाजार गाठायचा तर तान्हं पोर कोण सांभाळणार? आम्ही सगळ्याच बायका मोहरीएवढी अफू दुधात उगाळून पोराला चाटवायचो. दुपारपर्यंत चिडीचूप! आमच्या आयांनी आम्हाला तेच दिलेलं. मेलं का कोण?

म्हणून शहाऐंशी साली माझा थोरला धाकू होडीत पडला, कंबर धरली, तेव्हा मी कल्याणला चोरून अफू विकणाऱ्या दगडाबाईकडून गोळ्या आणल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिसऱ्या दिवशी गडी जाळं ओढायला उभा. मला कोण आनंद! पुढे कंबर बरी झाली, गोळ्या चालूच राहिल्या.

त्यातच धाकूचं लग्न झालं, सून आली शालन. लग्नाला पाच वर्षं झाली तरी कूस उजवेना. मी तिला काय काय बोलले, जीभ झडली पाहिजे माझी. वांझोटी म्हटलं. कुणाच्या डोहाळजेवणाला तिला ओटी भरू दिली नाही. तिच्या तपासण्या केल्या, नवस केले. धाकूची तपासणी? छे! आमच्यात पुरुषाला कोण नेतं?

शेवटी शालननंच हट्ट धरून त्याला नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. मी पण गेलेली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "बीज अगदीच कमी आहे. काही नशा करता का?"

"नाय बा. आईनं दिलेली कंबरेची गोळी घेतो फक्त," धाकू म्हणाला.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. मग मला म्हणाले, "आजी, बीज तयार करायचा हुकूम मेंदूतून सुटतो. रोजची अफू तो हुकूमच दाबून टाकते. बंद केली तर बहुतेक सुधारेल. पण घरी एकदम बंद करू नका, दवाखान्यात ठेवा."

नातवंडाची आशा होती हो! पण दवाखान्यात ठेवलं तर वाड्यात बोभाटा होणार, गर्दुल्ल्यांबरोबर धाकूचं नाव घेणार. मी म्हटलं, घरीच बंद करू. गोळ्या पेटीत टाकून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब, उलट्या, अंगाला कापरं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटायला लागला. "आये, मारून टाक मला," म्हणाला. एवढा मोठा बाप्या पोटाशी गुडघे घेऊन रडत होता, आणि ते सगळं मीच केलेलं. मी देवाला शिव्या दिल्या, दगडाबाईला दिल्या. स्वतःला कुठल्या देऊ?

शालन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही माझा गळा धरणार. धरायलाच पाहिजे होता.

"आई, चावी द्या," ती म्हणाली.

"अगं, मग तुझं पोर?"

"हा तरी राहू दे मला."

मी चावी दिली. तिनं त्याच्या तोंडात गोळी घातली, पाणी पाजलं. अर्ध्या तासात धाकू उठून बसला, भात मागायला लागला. तिनं वाढला.

"उद्यापासून परत बंद करू," मी म्हटलं.

"हो आई," ती म्हणाली. पेटीला कुलूप लावलं, आणि संध्याकाळची गोळी आपल्या कनवटीला खोचली.