ऐका आणि चुका शोधा

कागदांचा गठ्ठा अजून गरम होता. खालच्या ऑफिसातून शिपाई तो नुकताच ठेवून गेला होता. बाईंनी वरचा कागद उचलला, मथळा वाचला आणि त्यांचा हात तिथेच थबकला.

'ऐका आणि चुका शोधा. पाठ सातवा : हरवलेले आजोबा.'

पहिल्या बाकावर इस्त्रीवाले काका चष्मा पुसत बसले होते. वय बासष्ट, वर्गात सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत वेळेवर येणारे. बाजूला टोक काढलेल्या दोन पेन्सिली.

"नवीन पाठ का, बाई?"

"नाही... आज आपण मागचंच घेऊ. उजळणी."

"पण कागद गरम दिसतोय," काका हसून म्हणाले. गरम कपडा लांबून ओळखणारा माणूस तो.

बाईंनी दाराकडे पाहिलं. दाराला मधोमध काच होती आणि दर सोमवारी संस्थेचे सर त्या काचेतून एकेका वर्गात डोकावत. सोमवारी सगळ्या तुकड्यांना एकच पाठ, एकच कागद, एकच आवाज, हा त्यांचा नियम. कागद ते स्वतःच निवडत. कुठल्या ना कुठल्या साइटवरून उतरवायचे आणि वर संस्थेचं चिन्ह चिकटवायचं. बाईंना पाठ कळायचा तो वर्गातच.

या पाठातला आवाज मात्र त्यांच्याच फोनमधून जगात गेला होता.

बाई प्रौढांना इंग्रजी शिकवत त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यांतली शेवटची नऊ वर्षं वडील अंथरुणाला खिळलेले. नानांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही अर्धंमुर्धं. संस्था घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून तीच नोकरी. मधल्या सुट्टीत घरी धावायचं, कूस बदलून द्यायची, औषध द्यायचं आणि परत यायचं. दूरच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं होतं, ते नाही म्हणून कळवलं. कुठे प्रशिक्षण नाही, परिषद नाही, मैत्रिणी नाहीत. होता तो फोनवरचा एक गट. इंग्रजी शिकवणाऱ्यांचा. देशोदेशीचे बेचाळीस हजार शिक्षक. कुणी तक्ते टाकायचं, कुणी खेळ, कुणी नुसतीच रडगाणी. बाई तिथे उत्तरं द्यायच्या आणि लोक त्यांच्या उत्तरांची वाट पाहायचे. नानांच्या खाटेशी बसून त्या ते अंगठे आणि बदाम मोजायच्या. दिवसभरात त्यांना 'छान' म्हणणारं दुसरं होतं कोण?

तीन महिन्यांपूर्वी काका वर्ग सुटल्यावर मागे थांबले होते. लेक परदेशात, नात तिथेच जन्मलेली. सात वर्षांची होणार होती. तिला फक्त इंग्रजी यायचं.

"वाढदिवसाला चार शब्द बोलावेत म्हणतो. माझ्या फोनात आवाज घोगरा येतो. तुमच्यात घ्याल का?"

बाईंनी घेतला. काका ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हॅलो बेबी. आय अ‍ॅम ग्रँडफादर. आय अ‍ॅम मिसिंग. एव्हरी डे मिसिंग. मम्मी से, ग्रँडफादर ओके. बट आय अ‍ॅम मिसिंग."

त्यांना म्हणायचं होतं, तुझी आठवण येते. झालं होतं, मी हरवलोय, रोज हरवतो, तुझी आई म्हणते आजोबा बरे आहेत, पण मी हरवलोय.

बाईंनी समजावून सांगितलं. काका स्वतःवरच पोट धरून हसले, पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं आणि दुसऱ्यांदा बिनचूक बोलले. ते नातीला पाठवलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "आधीचं पुसून टाका हां, बाई."

"हो, टाकते."

बाईंनी ते पुसलं नाही. रविवारी नाना दुपारभर कण्हत होते, बाहेर लोक फिरायला निघाले होते. बाईंनी तो आवाज गटावर टाकला. 'अशी चूक तुम्ही कशी सुधारता?' असं वर लिहिलं. प्रश्न खरा होता. पण प्रश्नाच्या शेवटी त्यांनी एक हसरा चेहराही जोडला होता, आणि तो चेहरा कशासाठी हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत तीन हजार लोक हसले. 'आजोबा सापडले का?' कुणीतरी विचारलं, आणि तेच वाक्य सगळे एकमेकांना टाकत सुटले. चौथ्या दिवशी बाईंना भीती वाटली. त्यांनी आवाज काढून घेतला. पण धनुष्यातून बाण सुटल्यावर प्रत्यंचा ढिली करून काय होणार? लोकांनी तो आवाज उतरवून ठेवला होता. कुणी त्यावर गाणं केलं. आणि कुणा उत्साही शिक्षकानं, बहुधा कौतुकानंच, त्याचा पाठ केला : आवाज ऐका, पाच चुका शोधा, बरोबर वाक्य लिहा. तोच कागद फिरत फिरत पुन्हा याच वर्गात येऊन पडला होता.

"काय झालं मॅडम? सुरू नाही केलंत?" सर दार उघडून आत आले होते.

"स्पीकर चालत नाहीये, सर."

"सकाळी चालला की!" सरांनी वायर काढली, परत खोचली, बटण दाबलं. "हे बघा. उगाच घाबरता तुम्ही मशीनला."

बाई गठ्ठ्यातले कागद सारखे करत राहिल्या. 'बंद करा' एवढे दोनच शब्द होते.

हॅलो बेबी. आय अ‍ॅम ग्रँडफादर.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. 'मिसिंग'ला वर्ग मोठ्यानं हसला. रात्रपाळीची नर्स हसली, रिक्षावाला हसला, सर तर दरवेळी हसत तसेच हसले. मग नर्सनं पहिल्या बाकावरच्या काकांच्या पाठीकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. एकेक जण गप्प होत गेला. शेवटचं 'मिसिंग' अगदी शांततेत ऐकू आलं.

सरांना आवाज कुणाचा ते माहीत नव्हतं. "चला, पेन्सिली घ्या! दहा मिनिटं," म्हणत ते पुढच्या वर्गाकडे गेले.

काकांनी चष्मा लावला. बाईंच्या हातातून एक कागद घेतला. खाली मान घालून ते लिहू लागले, वर्गात दुसरं कुणीच लिहीत नव्हतं. पाची वाक्यं लिहून झाली तेव्हा त्यांनी कागद टेबलावर आणून ठेवला.

"बघा बरं, बाई. बरोबर आहे ना सगळं?"

सगळं बरोबर होतं. बाईंनी मान हलवली. काकांनी दोन्ही पेन्सिली खिशात ठेवल्या आणि वर्ग सुटायच्या आत, आवाज न करता दार ओढून घेऊन ते गेले.

बाई सुट्टीत घरी गेल्या नाहीत. सरांकडे गेल्या.

"सर, तो पाठ काढा. आपल्या साइटवरूनही काढा. आवाज मीच शिक्षकांच्या गटावर टाकला होता. माणूस आपल्याच वर्गातला आहे."

"आपल्याच?" सर खुर्चीत पुढे झाले. "अरे वा! मग आवाज आपला झाला की. लोक फुकट वापरतायत! मॅडम, तुमच्या करारातच आहे, वर्गात तयार झालेलं सगळं साहित्य संस्थेचं."

"साहित्य नाहीये ते. त्यांनी नातीला..."

"तुम्हीच टाकलंत ना ते तिथे? मी नाही." ते रागावलेही नव्हते. "बघा, तुमच्या नानांसाठी मी वेळा सांभाळून देतो. दुसरीकडे कुठे देतात? मीही समजून घेतो, तुम्हीही घ्या."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. बाईंना मध्ये उभं राहायला जी वीतभर जागा होती, तीही सरांच्या मेहरबानीची.

घरी जाऊन त्यांनी नानांना पाणी पाजलं आणि गटावर लिहिलं. हा आवाज कुणाचा, कुणासाठी होता, त्यांनी पुसायला सांगितलं होतं आणि मी पुसलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपा करून काढून टाकावा. तासाभरात साठ-सत्तर जणांनी 'काढला' म्हणून कळवलं. एकानं लिहिलं, 'पण पाठ उत्तम आहे, मुलांना फार आवडतो.' दुसरी म्हणाली, 'नाव तर कुठेच नाही, मग बिघडलं कुठे?' त्यावरून जुंपली. आणि उत्तरं देत देत बाई नानांना भरवत असताना गट चालवणाऱ्यांनी, वाद नको म्हणून, त्यांचं लिहिलेलंच काढून टाकलं. बेचाळीस हजार माणसं होती तिथे. बाईंनी फोन पालथा ठेवला. नाना डाव्या हातानं 'काय' म्हणून खूण करत होते. "काही नाही," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा."

काका मंगळवारी आले नाहीत. बुधवारी नाहीत. रविवारी शेजारच्या वहिनींना अर्धा तास नानांपाशी बसवून बाई त्यांच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एक लांब टेबल, मागे हँगरना टांगलेले कपडे आणि भिंतीला टेकवून उभा केलेला फोन.

"या बाई, बसा." काकांनी स्टूल सरकवलं; इस्त्री थांबवली नाही.

बाई उभ्याच राहिल्या. "वर्गाला येत नाही आहात?"

"नाही आता." त्यांनी कॉलरवर पाणी शिंपडलं. "लेकीनं ऐकलं ते. तिला तिच्या मैत्रिणीनं पाठवलं, गंमत म्हणून. बापाचा आवाज ओळखणारच की."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, तुम्ही आता इंग्रजीत नका बोलू. काय सांगायचं ते मला सांगा, मी तिला सांगत जाईन." इस्त्री कॉलरवरून एकदा गेली, उलटून परत गेली. "राग आला असेल तिला, नाही तर लाज वाटली असेल. मी विचारलं नाही."

"काका, मी पुसायला हवं होतं. तुम्ही सांगितलं होतंत."

"हो," काका म्हणाले. "सांगितलं होतं."

एवढंच. वर 'जाऊ द्या' नाही, 'असू द्या' नाही. बाई वाट पाहत राहिल्या. मग त्यांना कळलं की ते यायचं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी इस्त्री बाजूला उभी केली, हात पुसले, बटण दाबलं. बाई चटकन टांगलेल्या कपड्यांच्या मागे सरकल्या. पडद्यावर दोन शेंड्या आणि पडलेल्या दाताची फट दिसली. मुलगी भराभरा इंग्रजीत काहीतरी सांगत होती. काका ऐकत राहिले. तिचं संपलं, तरी ऐकत असल्यासारखेच राहिले. मुलगी वाट पाहत होती.

मग त्यांनी टेबलावरचा शर्ट उचलून फोनसमोर धरला.

"शर्ट," ते म्हणाले.

"शर्ट!" मुलगी म्हणाली. ते तिला येतच होतं.

काकांनी शर्टाचा हात पुढे केला. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, आपल्या भाषेत म्हणाले, "बा-ही."

"बाई."

"बाई नाही गं. बाही. बघ." त्यांनी स्वतःचा हात त्या इस्त्री केलेल्या बाहीत घातला आणि पलीकडून पाची बोटं बाहेर काढून हलवली. कुणाचा तरी शर्ट पार चुरगळला. मुलगी खिदळली.

"बा-ही," ती म्हणाली.

"शाब्बास! आता ही कॉलर. नको, ती तुमचीच. हे बघ... काज."

बाईंची अर्ध्या तासातली वीस मिनिटं संपली होती. बाहेर जायची वाट फोनच्या समोरून होती. त्यांनी पदर आवरून घेतला आणि फोनच्या चौकटीत दिसू नये म्हणून टेबलाच्या उंचीखाली वाकून त्या बाहेर पडल्या.